सेकंडहँड रेस चाकाचा हब तुटलाय. वेल्डिंग करू, हब बदलू की चाकच टाकून देऊ?

तुमच्या पत्रातल्या गोष्टी आधी एका जागी मांडतो, म्हणजे हेच दुसऱ्या कुणाला झालं असेल तर त्यालाही धागा लागेल. रिम ब्रेकवाली, ॲल्युमिनियम रिमची जुनी रेस चाकांची जोडी तुम्ही घेतलीत. पुढे २० स्पोक, मागे २४. मागच्या चाकात उजवीकडे क्रॉस विण, म्हणजे स्पोक एकमेकांना छेदून जाणारे, आणि डावीकडे सरळ, म्हणजे रेडियल. काही आठवडे मजेत गेले. मग कसारा घाट चढताना मागून ‘टक्’ झालं आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. घरी येऊन पाहिलं तर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, डाव्या फ्लँजचा (स्पोक अडकतात त्या भोकांच्या कडेचा) तुकडा उडून स्पोकला लोंबकळतोय. विकणारा म्हणतो, हब बदलून घ्या, किरकोळ काम आहे. ओळखीचा वेल्डर म्हणतो, आर्गन वायूच्या वेल्डिंगने भरून देतो. तुमचं वजन ८० किलोच्या पुढे, ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करता, आणि पुढची २०० किलोमीटरची राइड तोंडावर आलीय.

माझं मत लगेच सांगून टाकतो. वेल्डिंग अजिबात नाही. हब संपला. पण नवा हब मागवायची घाई नको. आधी रिम जगवण्याच्या लायकीची आहे का ते ठरवा, आणि असेल तर तुमच्या चाकाच्या उलट नशिबाचं चाक शोधा, म्हणजे हब धडधाकट पण रिम घासून संपलेली. बाकीचं उत्तर हे असं का, याचं आहे.

तोवर ते चाक सायकलवरून काढून बाजूला ठेवा. ‘हळू चालवत दुकानापर्यंत नेतो’ हेही नको. २४ स्पोकांच्या चाकातला एक गेला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो, आणि ते दोघं त्याच फ्लँजच्या त्याच थकलेल्या धातूत अडकलेले आहेत.

‘हब तुटला’ असं लोक चार वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात, आणि चारांचं भवितव्य वेगळं असतं. विकणारा ‘किरकोळ काम’ म्हणाला तो बहुधा यांतल्या पहिल्या तीनांपैकी काहीतरी डोक्यात धरून बोलला असेल.

पहिली गोष्ट बेअरिंग. चाक हातात धरून फिरवलं की घरघर जाणवते, रिम बाजूने हलवली की खेळ लागतो. कार्ट्रिज, म्हणजे अखंड बंद बेअरिंग असेल तर त्याच्या सीलवर नंबर कोरलेला असतो, ६९०२ किंवा ६०८ असा. ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिलीमीटर. तो नंबर घेऊन कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, सायकलचं नाव काढायचीही गरज नाही. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा. कप-कोनवाला हब असेल, म्हणजे कप आणि कोनच्या मधे सुटे छर्रे फिरणारा, तर छर्रे आणि कोन बदलता येतात. मागे बहुतेक दोन सुताचे म्हणजे पाव इंची छर्रे असतात, बाजूला नऊ. पुढे दीड सुताचे. जुने आणि नवे छर्रे मिसळू नका, पूर्ण संच बदला. कोनवर खड्डे पडले असतील तर कोन बदला. पण खड्डे हबच्या आतल्या कपात पडले असतील तर तिथे हात टेकावे लागतात, कारण तो कप बहुतेक हबमध्ये शेलमध्ये ठोकून बसवलेला असतो आणि सुटा मिळत नाही.

दुसरी गोष्ट ॲक्सल, म्हणजे हबमधून आरपार जाणारा दांडा. जुन्या आटेवाल्या फ्रीव्हीलच्या (हबवर आट्यांनी आवळून बसणाऱ्या मागच्या दातांच्या संचाच्या) हबमध्ये हे नेहमीचं दुखणं होतं, कारण उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत दडलेलं आणि त्याच्या बाहेर ॲक्सलचा लांब तुकडा आधाराविना. १९७८ मध्ये शिमानोने फ्रीहब, म्हणजे पोकळ फिरण्याची यंत्रणा हबमध्येच असलेली रचना, आणली तेव्हा ते बेअरिंग बाहेरच्या टोकाकडे सरकलं आणि ॲक्सल मोडणं जवळपास थांबलं. तरी मोडलाच तर ॲक्सल ही स्वस्त वस्तू आहे. मात्र पुन्हा पुन्हा मोडत असेल तर हबला शिव्या घालू नका, फ्रेमचे मागचे ड्रॉपआउट (ॲक्सल बसतो त्या खाचा) समांतर आहेत का ते तपासा.

तिसरी गोष्ट फ्रीहब. पेडल मारलं की मधूनच पोकळ फिरतं, किंवा उलट, पेडल थांबवलं तरी चेन पुढे ढकलली जाते. बऱ्याचदा आतलं ग्रीस वाळून पॉल, म्हणजे रॅचेटचे छोटे खटके, चिकटलेले असतात. उघडून, धुऊन, पॉलवर पातळ तेल किंवा फ्रीहबसाठीचं हलकं ग्रीस लावलं की काम होतं. तिथे चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस भरणारे मेकॅनिक अजून आहेत, त्यांना नम्रपणे थांबवा.

चौथी गोष्ट शेल, म्हणजे हबचं मूळ अंग. त्यातला फ्लँज फुटला किंवा बेअरिंग बसतं त्या जागेला चीर गेली, तर तो हब गेला. तुमचं प्रकरण हे.

आता तुमच्या फोटोंकडे येतो, कारण त्यांत बरंच काही आहे. तुटलेल्या तुकड्याची कड तुम्ही जवळून टिपलीत हे फार बरं केलंत. ती सगळी सारखी दिसत नाही. भोकाच्या आतल्या बाजूला एक भाग काळपट आणि गुळगुळीत आहे, बाहेरच्या कडेला चकचकीत आणि खडबडीत. काळपट भाग जुना. तिथे चीर बऱ्याच आधीपासून होती, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडी थोडी सरकत होती, आणि तिच्यात धूळ, पाणी, ब्रेकची काजळी मुरत होती. चकचकीत भाग कसारा घाटातला. धातू थकून तुटतो तेव्हा साधारण असंच दिसतं. स्टीलला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सोसू शकतं. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. लहान ताणही मोजला जातच राहतो.

दुसऱ्या फोटोत याहून मोठा पुरावा आहे. शेजारच्या भोकांच्या कडेला स्पोकच्या कोपराने पाडलेल्या खाचा पाहा. एक खाच सरळ बाहेरच्या दिशेला आहे, म्हणजे आताच्या रेडियल स्पोकची. पण तिच्या बाजूला दुसरी, तिरकी खाच आहे. रेडियल स्पोक तिरकी खाच पाडू शकत नाही. याचा अर्थ हा हब कधीकाळी डावीकडेही क्रॉस विणलेला होता आणि नंतर कुणीतरी चाक उसवून डावी बाजू रेडियल केली. कारखान्यातून आलेलं चाक म्हणून तुम्ही जे घेतलंत ते मधल्या कुणाच्या तरी हाताखालून गेलेलं आहे.

असं का करतात? कधी महागड्या चाकांसारखं दिसावं म्हणून. कधी हाताशी लांबीला कमी स्पोक असतात म्हणून. त्यात काही ग्रॅम वजन वाचतं, आणि पेडलचा जोर तसाही उजवीकडच्या क्रॉस स्पोकांमधून नेता येतो, त्यामुळे चाक चालतं. पण फ्लँजच्या दृष्टीने गणित बदलतं. क्रॉस विणीत स्पोक फ्लँजला जवळपास स्पर्शरेषेच्या दिशेने ओढतो, त्याच्या पुढ्यात दोन भोकांमधला धातू असतो. रेडियलमध्ये तो थेट बाहेर ओढतो, आणि भोक ते कड एवढ्या अंतरात लहान फ्लँजवर जेमतेम तीन-एक मिलीमीटर धातू उरतो. म्हणूनच बरेच हब बनवणारे सूचनापत्रकात रेडियलला सरळ मनाई करतात किंवा वॉरंटीतून अंग काढून घेतात. त्यात जुनी खाच असलेल्या भोकात नव्या दिशेची खाच पडली की दोन खाचांच्या मधे एक धारदार कंगोरा तयार होतो, आणि चीर सुरू व्हायला तेवढं पुरतं. वापरलेला हब पुन्हा विणायचा तर प्रत्येक स्पोक त्याच्या जुन्याच खाचेत बसला पाहिजे हा नियम त्यासाठी आहे. किनारपट्टीची खारी हवा, किंवा घरातल्या ट्रेनरवर तासन्‌तास हबवर ठिबकलेला घाम, या गोष्टी आगीत तेल ओततात, पण तुमच्या बाबतीत मूळ दुखणं विणीतलं आहे असं मला वाटतं.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण असं की पुढचा निर्णय यावरच अवलंबून आहे. हबची मूळ रचनाच कमकुवत असती तर त्याच मॉडेलचा दुसरा हब घेऊ नका असं म्हटलं असतं. इथे तसं दिसत नाही.

वेल्डिंगबद्दल दोन शब्द, कारण तुमचा वेल्डर प्रामाणिकपणे सांगत असणार. आर्गनवर ॲल्युमिनियमचं सुंदर काम करणारे लोक भोसरीत आणि शिरोलीत पैशाला पासरी आहेत. अडचण त्याच्या हाताची नाही. हबचं शेल बहुतेक ६०६१ किंवा ७०७५ जातीच्या मिश्रधातूचं असतं. ७०७५ वेल्डिंगमध्ये थंड होतानाच तडकतो. ६०६१ वेल्ड होतो, पण त्याची ताकद उष्णतोपचारातून आलेली असते, आणि वेल्डच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ती साधारण निम्म्यावर येते. ती परत आणायची तर अख्खं शेल पुन्हा भट्टीत घालून उपचार करायला हवा. त्यात शेल जरा जरी वाकडं झालं तरी बेअरिंगची बैठक बिघडली, कारण तिथे मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. शिवाय भरलेल्या जागी पुन्हा भोक पाडणार, आणि शेजारच्या भोकांतल्या न दिसणाऱ्या चिरा तशाच राहणार. इपॉक्सी भरणं, लेथवर स्टीलची रिंग करून फ्लँजवर ठोकणं, तो एक स्पोक वगळून बाकीच्यांवर भागवणं, हे सगळे सल्लेही तुम्हाला मिळतील. सामानाच्या सायकलवर, ३६ स्पोकांच्या चाकात, बाजारापर्यंत जायला कुणी केलं तर मी डोळेझाक करीन. घाट ताशी साठने उतरणाऱ्या चाकात नाही.

आता रिम. इथे कंजूषपणा न करता वेळ द्या.

ब्रेकच्या पट्टीवर झिजेची खूण शोधा. बहुतेक रिमवर एक बारीक खळगा किंवा खाच असते. ती नाहीशी झाली असेल तर रिम संपली आणि हबचा प्रश्न आपोआप मिटला. खूण नसेल तर स्टीलची पट्टी ब्रेकच्या पृष्ठभागावर आडवी टेकवा आणि उजेडाकडे धरा. मधे फट दिसली तर भिंत आत झिजली आहे. भिंतीची जाडी एक मिलीमीटरच्या खाली गेलेली रिम मी बांधत नाही. टायर अडकवायच्या रिमच्या कडा आड येतात म्हणून साधा व्हर्निअर तिथे नीट बसत नाही; टोकदार जबड्यांचा कॅलिपर मिळवा किंवा दुकानात मोजून घ्या. घाटात राहणाऱ्यांच्या रिम पावसाळ्यात किती भराभर झिजतात हे तुम्हाला सांगायला नको. ब्रेकच्या रबरात घुसलेली वाळू रिमवर कानशीच चालवत असते.

मग स्पोकची भोकं. रिमटेप काढा, आतून-बाहेरून प्रत्येक भोकाभोवती बारीक चिरा बघा, विशेषतः उजव्या बाजूच्या. मागच्या चाकात उजव्या स्पोकांवर डाव्यांच्या जवळपास दुप्पट ताण असतो, कारण कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांना, जागा देण्यासाठी उजवा फ्लँज आत सरकवलेला असतो. चिरा दिसल्या तर इथेच थांबा. शेवटी, सगळे स्पोक सैल केल्यावर रिम सपाट काचेवर ठेवून बघा. टेन्शन नसताना जी रिम डुलते ती बांधल्यावर सरळ दिसली तरी काही स्पोक ताठ आणि काही ढिले ठेवूनच सरळ दिसेल.

स्पोक सैल करतानाही एक क्रम आहे. आधी कॅसेट काढा. हबवर आटेवालं फ्रीव्हील असेल तर तेही आधीच काढा, कारण स्पोक काढले की हब धरायला काही उरत नाही आणि पेडल मारून मारून आवळलेलं फ्रीव्हील मग कुणाच्या बापाला निघत नाही. फ्रीहबचा आतला बोल्ट किंवा रॅचेटची रिंग काढायची असेल तर तीही चाक अखंड असतानाच. मग व्हॉल्व्हपासून सुरू करून प्रत्येक निपल (स्पोक रिमला आवळणारं छोटं नट) अर्धा फेरा सोडा, पुन्हा पहिल्यापासून अर्धा. पक्कड घेऊन ताणलेले स्पोक फटाफट तोडू नका. रिम वाकते, आणि तुमच्या फ्लँजचा आणखी तुकडा उडून डोळ्याकडे येऊ शकतो. चष्मा घाला.

रिम पास झाली असं धरून चालू. दोन वाटा आहेत.

मला पसंत असलेली वाट म्हणजे दाता चाक. रिम ब्रेकच्या जगात हब सहसा रिमपेक्षा जास्त जगतो. त्यामुळे प्रत्येक शहरात, प्रत्येक सायकल ग्रुपमध्ये, कुणाच्या तरी माळ्यावर ‘रिम संपली म्हणून ठेवलंय’ असं चाक पडलेलं असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. तुमच्याच मॉडेलचं, त्याच पिढीचं, २४ भोकांचं, डावी बाजू मुळातली क्रॉस असलेलं मागचं चाक शोधा. मिळालं तर ते उसवायचंही नाही. त्याचे सगळे स्पोक ढिले करा, तुमची चांगली रिम त्याच्या जुन्या रिमला चिकटपट्टीने बाजूला बांधा, व्हॉल्व्हचं भोक व्हॉल्व्हच्या भोकासमोर, आणि पहिलं भोक कुठल्या बाजूचं आहे तेही जुळवून. मग एकेक स्पोक जुन्या रिममधून काढून नव्या रिममध्ये, नवीन निपल लावून. विण मोडत नाही, प्रत्येक स्पोक आपल्या खाचेत राहतो, लांबीचा हिशेब करावा लागत नाही. खर्च म्हणजे निपल, ते चाक आणि मजुरी. घ्यायच्या आधी मात्र त्याच्या फ्लँजची तपासणी तशीच कडक करा. थिनरने किंवा डीग्रीझरने पुसून, मोठ्या भिंगातून, उजेड तिरका टाकून प्रत्येक भोक बघा. ओळखीचं वर्कशॉप असेल तर त्यांच्याकडे डाय पेनेट्रंट असतो: लाल रंग मारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

दुसरी वाट नवा हब. इथे ‘किरकोळ काम’ हे शब्द खोटे ठरतात. हब ही त्यातली एक वस्तू. त्यासोबत २४ नवे स्पोक, २४ निपल आणि चाक बांधणाऱ्याचा अर्धा दिवस. तुमचे डावे स्पोक तर कुठल्याही परिस्थितीत बाद, कारण डावी बाजू आता क्रॉस बांधायची. किती फरक पडतो ते बघा. ई-आर-डी, म्हणजे स्पोकची टोकं जिथे संपतात तिथला रिमचा व्यास, ५९५ मिलीमीटर धरू. फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४४, डावा फ्लँज हबच्या मध्यापासून ३६ वर, उजवा साडेसतरावर. डावीकडे रेडियलला स्पोक लागतो २७७ मिलीमीटर. तीच बाजू दोन क्रॉस केली की लागतो २८८. अकरा मिलीमीटर कुठल्याही निपलमध्ये भरून निघत नाहीत. उजवीकडे दोन क्रॉसला २८६. हे आकडे उदाहरणाचे आहेत, यावर ऑर्डर देऊ नका, स्वतः मोजा.

ई-आर-डी मोजायला दोन जुने सारखे स्पोक घ्या, कोपराच्या आतून टोकापर्यंत लांबी मोजून ठेवा. रिमच्या अगदी समोरासमोरच्या भोकांत निपलसकट लावा, स्पोकचं टोक निपलवरच्या स्क्रूड्रायव्हरच्या खाचेच्या तळाला येईपर्यंत फिरवा, दोन्ही ताणून धरा आणि मधे कोपर ते कोपर अंतर घ्या. २७७ चे दोन मिळून ५५४, मधलं अंतर ४१, म्हणून ५९५. रिमवर दोन-तीन ठिकाणी मोजा. हबची मापं बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतात, तरी व्हर्निअरने एकदा ताडून बघा.

हब निवडताना आधी तुमची रिम साध्या हबला जुळेल ना, याची खात्री करा. सगळ्या रिम जुळत नाहीत. काही रेस रिम तीन-तीनच्या गटात किंवा उजवीकडे दुप्पट स्पोक अशा हिशेबाने भोकं पाडलेल्या असतात. कांपान्योलो आणि फुलक्रमच्या चाकांत हे दिसतं. त्यातल्या बऱ्याच चाकांत टायरखालच्या पृष्ठभागाला भोकंच नसतात, निपल व्हॉल्व्हच्या भोकातून आत सोडून चुंबकाने जागेवर न्यावं लागतं. माविकच्या काही रिममध्ये भोकाला आटे असतात आणि स्पोक-निपल त्यांचेच लागतात. अशी रिम असती तर मी तुम्हाला ‘चाक सुट्या भागांसाठी विका’ असं म्हटलं असतं. तुमच्या फोटोत भोकं सारख्या अंतरावर आहेत आणि निपल साधे दिसतात, म्हणजे ही अडचण नाही.

२४ भोकांचा, रिम ब्रेकचा, मागे १३० मिलीमीटर रुंदीचा हब हवा. १३५ चा डोंगरी सायकलचा हब फ्रेम फाकवून बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आणि १४२ चा थ्रू-ॲक्सल तर तुमच्या फ्रेमला बसतच नाही. नेहमीच्या दुकानात २८ आणि ३२ भोकांचे हब सहज मिळतात, २४ साठी थोडं शोधावं लागतं. नोव्हाटेक आणि बिटेक्स या तैवानी नावांत २० आणि २४ चे पर्याय असतात, वरच्या किमतीत डीटी स्विस. फ्रीहब अकरा स्पीडचा घ्या. तुमची दहा स्पीडची कॅसेट त्यावर योग्य जाडीचा स्पेसर घालून बसते. उलटं मात्र होत नाही. २४ भोकांवर तीन क्रॉसचा हट्ट धरू नका, लहान फ्लँजवर स्पोक शेजारच्याच्या डोक्यावर चढतो. दोन क्रॉस पुरेत. स्पोक मधे बारीक केलेले, म्हणजे २.०-१.८-२.० चे घ्या. ते थोडे जास्त ताणले जातात, त्यामुळे धक्क्यात सैल पडत नाहीत, आणि फ्लँजवरही उपकारच करतात.

कुणाकडून बांधून घेत असाल तर टेन्शन मीटर आहे का ते विचारा. नुसता आउट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढता येणारे पुष्कळ आहेत. २४ स्पोकांच्या चाकात आउट शून्य असूनही शेजारशेजारच्या ताणात मोठा फरक असू शकतो, आणि असं चाक पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये पुन्हा डुलायला लागतं. रिम बनवणाऱ्याची मर्यादा परवानगी देत असेल तर उजवीकडे ११० ते १२० किलोचा ताण, डावीकडे आपोआप त्याच्या निम्म्याच्या आसपास येईल. डावीकडे जास्त आवळायच्या मागे लागाल तर रिम मधून सरकेल. बांधून झाल्यावर समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत जोरात दाबायच्या, पुन्हा आउट बघायचा, पुन्हा दाबायच्या. ही पायरी वगळणाऱ्याला पैसे देऊ नका.

विकणाऱ्याशी भांडण्याबद्दल विचारलंत. तुटलेला भाग पुसू नका, आहे तसा फोटो ठेवा. काळपट कड आणि दुहेरी खाच या दोन गोष्टींवरून चीर जुनी होती आणि चाक उसवून बांधलेलं होतं, एवढं नक्की दाखवता येतं. त्याला ते माहीत होतं का, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. त्यानेही तसंच घेतलं असेल. मी तुमच्या जागी असतो तर दाता चाकाचा निम्मा खर्च मागितला असता आणि विषय संपवला असता. मृत हबमधलं फ्रीहब, ॲक्सल, टोकाच्या टोप्या आणि कॅसेटची लॉकरिंग काढून ठेवा. दाता चाकाचा हबही त्याच मॉडेलचा असेल तर पुढच्या काही वर्षांचे सुटे भाग तुमच्याकडे फुकट जमा झाले.

पुढच्या राइडसाठी हे चाक धरू नका. मागे ३२ स्पोकांचं कुठलंही साधं चाक लावा, किलोभर जड असलं तरी चालेल.

आणि आजच एक काम करा, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. जोडीतलं पुढचं चाक काढा. २० स्पोक, दोन्ही बाजू रेडियल असं तुम्ही लिहिलंय. ज्याने मागची डावी बाजू उसवली त्याने पुढचंही उसवलं असण्याची शक्यता आहे. हब पुसून, भिंग घेऊन, वीसही भोकं बघा: एका भोकाला एकच खाच आहे की दोन, आणि खाचेच्या टोकापासून कडेकडे केसाएवढी रेघ निघालीय का. मागचा फ्लँज तुटला तेव्हा चाक ब्रेकला घासलं आणि तुम्ही थांबलात. उतारावर पुढचा तुटला तर थांबायला वेळ मिळेलच असं नाही. एकाही भोकाला दोन खाचा सापडल्या तर रेघ दिसो न दिसो, ते चाक माळ्यावर टाका आणि पुढचाही हब बदलायच्या यादीत धरा.